पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं

आधीच सांगते, ही रेकॉर्ड मी एका गाण्यासाठी घेतली. ‘टॉप गन’ या 1986च्या अमेरिकन चित्रपटाच्या गाण्यांची एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, जुनी, दुसऱ्याच्या हातची. दहा गाणी आहेत, एका बाजूला पाच. मला हवं होतं पहिल्या बाजूचं पाचवं, बर्लिन या बँडचं ‘टेक माय ब्रेथ अवे’. बाकीची नऊ गाणी वर फुकट मिळाल्यासारखी घरी आली.

मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. गुडघ्यांनी ऐकेनासं केल्यावर सोडला. त्यामुळे माझं ऐकणं थोडं वाकडं आहे हे मान्य. गाणं लागलं की लोकांचं लक्ष गाणाऱ्याकडे जातं, माझं खालच्या सप्तकात काय चाललंय तिकडे. भाचा म्हणतो, “आत्या, तू गाणं ऐकत नाहीस, तपासतेस.” तपासते खरी. हा तपासणीचाच अहवाल समजा.

विकणाऱ्याने वर्णनात ‘जवळजवळ नवी’ असं लिहिलं होतं. पुठ्ठ्याचं आवरण खरंच चांगलं निघालं, कोपरे शाबूत. पण रेकॉर्ड फिरायला लागल्यावर दिसलं की कडेला लाट आहे. जुना पापड कसा एका बाजूने उचलला जातो, तशी. सुई बोटीसारखी वरखाली. नशीब असं की कडेच्या लाटेचा त्रास कडेच्याच गाण्याला होतो आणि कडेला आहे केनी लॉगिन्सचं ‘डेंजर झोन’. ते गाणं इतकं दणकट आहे की त्याला थोडं हलवलं तरी ते पडत नाही. पाचव्या गाण्यापर्यंत सुई आत सरकते तोवर लाट जवळपास संपलेली असते. रेकॉर्ड धुतली, मऊ फडक्याने खाचेच्या दिशेने पुसली, रात्रभर उभी करून वाळवली. खरखर निम्म्याने गेली. राहिलेल्या निम्म्याशी माझी सोबत होऊन गेली आहे.

आता गाणं.

सुरुवातीला गाणारी बाई नाही. सुरुवातीला बेस आहे, म्हणजे खालच्या सुरांची साथ, आणि तोही सिंथवर, विजेवर आवाज घडवणाऱ्या सिंथेसायझरवर, वाजवलेला. तो सरळ सुरावर येऊन बसत नाही. खालून घसरत येतो, सुराला टेकतो, मग दुसरीकडे सरकतो. आपल्याकडे याला मींड म्हणतात आणि ती सतारीच्या तारेत किंवा गळ्यात असते अशी आपली समजूत. यंत्राला गळा नाही, तार नाही. तरी इथे एक यंत्र मींड घेतंय आणि तीही खर्जात, जिथे साधारणपणे बेसने गुपचूप ठेका धरून कोपऱ्यात उभं राहायचं असतं. ही चार-पाच सुरांची धून गाण्यात पुन्हा पुन्हा येते. गाण्याचा मुखडा कुठला असं मला कुणी विचारलं, तर मी शीर्षकाची ओळ दाखवणार नाही. हा बेस दाखवीन.

ऑर्केस्ट्रात असताना एकदा हे बसवायची वेळ आली. फर्माईश कुणाची होती आठवत नाही, पण आमच्या बेस गिटारवाल्याने दोनदा ऐकलं आणि गिटार खाली ठेवली. म्हणाला, “ताई, हे माझं काम नाही. हे तुमच्या चाकाचं काम आहे.” त्याचं बरोबर होतं. कीबोर्डच्या डाव्या अंगाला एक चाक असतं, सूर वरखाली ओढायचं. त्याला आत स्प्रिंग असते, सोडलं की ते आपोआप मध्यावर येतं. मी असं करून पाहिलं: चाक आधीच खाली ओढून धरायचं, मग पट्टी दाबायची, म्हणजे सूर जिथे हवा त्याच्या खालून सुरू होतो, आणि मग चाक वर जाऊ द्यायचं. जाऊ द्यायचं, सोडायचं नाही. सोडलं तर स्प्रिंग त्याला फटकन मध्यावर आणते आणि मींडेच्या जागी उचकी ऐकू येते. अंगठ्याने त्याला अडवत, समजावत वर न्यावं लागतं. तालमीत पहिले चार दिवस मी नुसत्या उचक्या वाजवल्या.

दुसरा मार्ग पोर्टामेंटोचा. ते बटण दाबलं की यंत्र आधीच्या सुरावरून पुढच्या सुराकडे आपण होऊन घसरत जातं. सोपं आहे आणि म्हणूनच फसवं. प्रत्येक सूर घसरायला लागतो, जो घसरू नये तोसुद्धा. या धुनेत काही सूर घसरतात, काही ठाम उभे राहतात, आणि सगळी गंमत त्या निवडीत आहे. सगळेच उसासे टाकायला लागले तर त्याला कोण विचारतो?

शिवाय उजवा हात खालच्या पट्ट्यांवर आणि डावा चाकावर गुंतला की कॉर्ड धरायला तिसरा हात लागतो. गाण्यात मागे सतत एक पॅड आहे, म्हणजे लांब धरलेल्या सुरांचा थर, धुक्यासारखं पसरलेलं. त्यासाठी आम्हाला दुसरा कीबोर्डवाला बसवावा लागला. दोन माणसं, दोन यंत्रं आणि गाणारीला दीड-दोन मिनिटं काही फारसं करायचं नाही. आयोजकाने विचारलंही, “एवढ्या हळू गाण्याला एवढी माणसं कशाला?”

तर ही धून ज्याची, तो जॉर्जिओ मोरोडर. जन्म 1940 चा, उत्तर इटलीतल्या डोंगरी भागातला, नाव झालं ते जर्मनीतल्या म्युनिकमध्ये. 1977 मध्ये डोना समर या गायिकेचं ‘आय फील लव्ह’ त्याने केलं. त्यात मूग नावाच्या सिंथेसायझरचा बेस शिलाई मशीनसारखा धावतो, एकसारखा, न थकता, सुई खालीवर, खालीवर. माणूस तसं वाजवूच शकणार नाही आणि वाजवू नये, हीच त्याची मजा. पुढची कित्येक वर्षं लोक नाचत राहिले ते त्या मशीनवर. नऊ वर्षांनी त्याच माणसाने यंत्राकडून नेमकं उलटं काम करून घेतलं. धावायचं नाही. रेंगाळायचं. मला या गाण्याबद्दल एवढंच सांगायचं आहे, बाकीचं सगळं याच्या आजूबाजूचं आहे: इथे भावना यंत्राकडे दिली आहे आणि माणसाला आवरून धरायला सांगितलं आहे.

कारण बर्लिनची गायिका टेरी नन गायला लागते ती जवळजवळ बोलल्यासारखी. आवाज खाली, श्वास जपून, ओळीच्या शेवटी सूर लांबवत नाही. दुसरी एखादी गायिका असती तर पहिल्याच ओळीत डोळे मिटून हात छातीवर गेला असता. नन सरळ उभी आहे असं ऐकू येतं. तिच्या खाली बेस उसासे टाकतोय आणि ती मात्र काही झालंच नाही अशी. शीर्षकाच्या ओळीवर ती वर जाते, पण तिथेही धाप नाही, नीट चढते आणि उतरते. मधल्या कडव्यानंतर गाण्याची पट्टीच वर चढते आणि मग पहिल्यांदा ती आवाज मोकळा सोडते. इतका वेळ वाचवून ठेवलेला पैसा एकदम काढावा तसा. पट्टी चढवणं ही तशी स्वस्तातली युक्ती. स्टेजवर टाळ्या कमी पडल्या की आम्हीही करायचो, गायकाला नुसती खूण करायची आणि अर्धा-एक सूर वर. इथे ती स्वस्त वाटत नाही. आधी तीन मिनिटं तिने उधळपट्टी केलेली नाही, म्हणून.

या ननबाईंची एक गोष्ट मला फार आवडते. गाण्यात नाव व्हायच्या आधी त्या अभिनय करायच्या आणि ‘स्टार वॉर्स’मधल्या राजकन्या लियाच्या भूमिकेसाठी त्यांची चाचणी झाली होती. भूमिका मिळाली नाही. अंतराळ हुकलं, लढाऊ विमानं मिळाली.

शब्दांचं काय? शब्द साधे आहेत आणि थोडे ठोकळेबाज. खेळ, समुद्र, वाळूचं घड्याळ, आरसा, असं सामान आहे. पण एक गोष्ट लक्षात आली. गाण्यातली बाई बहुतेक वेळ काय करते? पाहते आणि वाट पाहते. आपल्या भाषेत ही दोन्ही कामं एकाच क्रियापदावर भागतात, इंग्रजीत त्यांना दोन वेगळे शब्द लागतात, तरी गीतकाराने ती एकमेकांशेजारी आणून ठेवली आहेत. शीर्षक मात्र मराठीत आणायच्या भानगडीत कुणी पडू नये. आमच्या निवेदकाने एकदा रंगमंचावरून सांगितलं, “यानंतरचं गीत, माझा श्वास घेऊन जा.” पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मोठ्याने विचारलं, “कोण, यमदूत?” त्यानंतरचं पहिलं मिनिट मी चाकाकडे बघून हसू दाबत वाजवलं. उचक्या तेव्हाही निघाल्या.

गीतकार टॉम व्हिटलॉक. याची हकीकत प्रसिद्ध आहे: मोरोडरच्या फेरारीच्या ब्रेकचं काहीतरी बिनसलं होतं आणि ते व्हिटलॉकने दुरुस्त करून दिले. ओळख तिथून. पुढे ‘डेंजर झोन’ही याच जोडीने लिहिलं. म्हणजे या रेकॉर्डच्या एका बाजूचं पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं, एक धावणारं आणि एक थांबलेलं, दोन्ही या दोघांची. ब्रेकच्या माणसाने लिहिलेलं थांबणारं गाणं मला जास्त आवडावं, यात नवल नाही.

गाणं आधी द मोटेल्स या बँडकडे गेलं होतं, त्यांनी ते कच्चं करूनही पाहिलं. मग ते बर्लिनकडे आलं. बर्लिनला मोरोडर नवा नव्हता, 1984च्या त्यांच्या ‘नो मोअर वर्ड्स’चा निर्माता तोच. नाव जर्मन शहराचं असलं तरी हा बँड कॅलिफोर्नियाचा. त्यांची गाणी बहुतेक बँडमधलाच जॉन क्रॉफर्ड लिहायचा. हे गाणं त्याचं नाही, आणि तेच सगळ्यात गाजलं. 1986च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिलं राहिलं. पुढच्याच वर्षी, 1987 मध्ये, बँड फुटला. ऑर्केस्ट्रात ज्याने काम केलंय त्याला यात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. स्वतःची बारा गाणी बसवून ठेवलेल्या माणसाला दर कार्यक्रमात ‘ते एक म्हणा हो’ अशी चिठ्ठी येते, आणि ते एक त्याचं नसतं.

आता चित्रपट. गाणं चित्रपटासाठी मोजून मापून शिवलेलं आहे, त्यामुळे चित्रपटाला बाजूला ठेवून त्याच्याबद्दल बोलता येत नाही, पण ऐकता मात्र येतं. मी चित्रपट पुन्हा पाहिला, खास या कामासाठी. टोनी स्कॉटने दिग्दर्शित केलेला, टॉम क्रूझ आणि केली मॅकगिलिस. गाणं त्यात एकसंध असं कमी, तुकड्यातुकड्यांनी जास्त येतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं की बेस. दारात उभे राहिले की बेस. मोटारसायकल निघाली की बेस. तिसऱ्या-चौथ्या वेळेला मला हसू यायला लागलं, कारण चित्रपट गाण्याला हाताशी ठेवलेल्या मिठासारखा वापरतो, जिथे प्रसंग अळणी वाटला तिथे चिमूटभर.

आणि प्रसंग अळणी होते हे चित्रपटवाल्यांनाही कळलं होतं. चाचणीच्या खेळानंतर प्रेमाचे प्रसंग कमी पडताहेत असं ठरलं आणि मागाहून जादा चित्रीकरण झालं. तोवर मॅकगिलिसने दुसऱ्या चित्रपटासाठी केसांचा रंग बदललेला. म्हणून लिफ्टमधल्या प्रसंगात तिच्या डोक्यावर टोपी आहे, आणि तो प्रसिद्ध शयनगृहातला प्रसंग निळ्या प्रकाशात नुसत्या छायाकृतींचा आहे. लोकांना तो काव्यमय वाटला. मलाही वाटला होता. आता टोपीच दिसते. पण गंमत बघा, केस लपवायला आणलेला तो निळा अंधार आणि हा बेस यांचं इतकं जमलंय की एकाशिवाय दुसरं आठवत नाही. मापाने शिवलेला कपडा असतो, तसंच कधीकधी कपड्याच्या मापाने अंगही करून घेतात.

ऑस्करचं सांगायलाच हवं. ‘टॉप गन’ला चार नामांकनं होती: ध्वनी, ध्वनिपरिणामांचं संकलन, चित्रपट संकलन आणि गाणं. एवढी विमानं, एवढा कानठळ्या बसवणारा गडगडाट, आणि मिळालं काय तर फक्त गाण्याला. चित्रपटातली सगळ्यात हळू गोष्ट बक्षीस घेऊन गेली. मोरोडरचं ते तिसरं ऑस्कर, आधीचं एक ‘मिडनाइट एक्स्प्रेस’च्या संगीतासाठी आणि एक ‘फ्लॅशडान्स’मधल्या गाण्यासाठी. ब्रिटनमध्ये 1990 साली प्यूजो 405 या मोटारीच्या जाहिरातीत गाणं वाजलं आणि पुन्हा यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. विमान, मग मोटार. या गाण्याच्या वाट्याला प्रेमिकांपेक्षा वाहनंच जास्त आली.

तक्रारी आहेत. ढोल, म्हणजे ड्रमचा तो मोठा आवाज, त्या काळाचा शिक्का मारून बसलाय. रिकाम्या गोदामात दार आपटल्यासारखा तो पडतो आणि बेसने हळूच विणलेल्या जाळ्यातून दरवेळी आरपार जातो. मी मनातल्या मनात त्याची पातळी निम्मी करून ऐकते. दुसरं, शेवट. गाण्याला शेवट नाही, ते हळूहळू विरत जातं. रेकॉर्डवर ठीक, स्टेजवर पंचाईत. आम्ही शेवटी बेसची धून एकदा एकटी वाजवून थांबायचो आणि मला आजही वाटतं की आमचा शेवट बरा होता. एवढी बढाई चालवून घ्या.

तिसरी तक्रार गाण्याची नाही, रेकॉर्डची आहे, आणि विकत घेणार असाल तर हीच महत्त्वाची. गाणं पहिल्या बाजूच्या शेवटी आहे, म्हणजे रेकॉर्डच्या आतल्या वर्तुळात. एलपी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, कडेलाही तेवढेच आणि आतही तेवढेच. पण कडेचं वर्तुळ मोठं. हिशेब केला तर कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि अगदी आत ती वीस-बावीसवर येते. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेला. मोठा माणूस मुलांच्या बाकावर बसवल्यासारखं होतं. याचा त्रास खालच्या सुरांना फारसा होत नाही, वरच्यांना होतो, आणि सगळ्यात जास्त ‘स’ला. इंग्रजी गाण्यांत ‘स’ पावलोपावली. ननने हळुवार म्हटलेला प्रत्येक ‘स’ माझ्या रेकॉर्डवर तव्यावर पाण्याचा थेंब पडल्यासारखा चुरचुरतो. आणि पट्टी चढून ती आवाज मोकळा सोडते, ते नेमकं सगळ्यात आतल्या खाचांत येतं. जिथे तिला सगळ्यात जास्त जागा हवी, तिथे सगळ्यात कमी.

भाच्याने सुईचं वजन कमीजास्त करून पाहिलं, कोन बदलून पाहिला. थोडा फरक पडला. मग त्याने फोनवर तेच गाणं लावलं आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. ‘स’ स्वच्छ. सगळंच स्वच्छ. ड्रम तर इतका स्वच्छ की मला पुन्हा गोदाम आठवलं. पण बेस? फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो नुसता सूचित होतो, कुणीतरी शेजारच्या घरात बोलतंय असा. म्हणजे आवाज हवा तर फोन, बेस हवा तर रेकॉर्ड. दोन्ही हवं तर फोन चांगल्या स्पीकरला जोडा, हे त्याचं उत्तर, आणि ते बरोबर आहे, पण मी ते त्याच्यासमोर कबूल केलेलं नाही.

एक मधला रस्ता आहे. हे गाणं सात इंची छोट्या रेकॉर्डवरही निघालं होतं, 45 फेऱ्यांच्या. वर्तुळ लहान पण फेरे जास्त, त्यामुळे तिथे गाणं सुरू होतं तेव्हा सेकंदाला 40 सेंटिमीटरच्या आसपास खाच मिळते. सव्वाचार मिनिटांच्या आसपासचं एकच गाणं अख्ख्या बाजूला ऐसपैस. एकच गाणं हवं असणाऱ्याने ते घ्यावं. मी एलपी घेतली, कारण समोर दिसली ती घेतली.

बाकीच्या नऊ गाण्यांबद्दल थोडक्यात. ‘डेंजर झोन’ सांगितलंच. लॉगिन्सचं दुसरं, ‘प्लेइंग विथ द बॉइज’, व्यायाम करताना बरं. चीप ट्रिकचं ‘मायटी विंग्ज’ मी एकदा ऐकलं. टीना मारीचं ‘लीड मी ऑन’ माझ्या गाण्याच्या अगदी आधी येतं, म्हणून त्याच्यावर अन्याय होतो, माझं लक्ष तेव्हा पुढेच असतं. दुसऱ्या बाजूच्या शेवटी हॅरॉल्ड फाल्टरमेयरचं ‘टॉप गन अँथम’ आहे, स्टीव्ह स्टीव्हन्सच्या गिटारसह, बिनशब्दांचं. ते मनापासून आवडलं. तेही आतल्या वर्तुळात, पण त्यात ‘स’ नाही.

पहिल्या बाजूच्या शेवटी गाणं असण्याचा एक फायदा मात्र फोनवर मिळत नाही. गाणं विरतं, सुई आतल्या गोलात जाऊन टक्, टक् करत फिरत राहते आणि पुढचं काही आपोआप सुरू होत नाही. उठायचं आपण. परवा उठले, हात सुईच्या दांड्याशी नेला आणि दोन बोटं मागे ठेवून पुन्हा सोडली. अंदाज चुकला, टीना मारी लागली. मग तिचंही ऐकलं, आता आलीच आहे तर. तिसऱ्यांदा मात्र बरोबर जागा सापडली, बेसच्या पहिल्या सुराच्या नखभर आधी.

एलपी ठेवून घेतली आहे. परत करण्याची मुदत गेली आणि लाटेबद्दल विकणाऱ्याला लिहायचं राहून गेलं. सात इंची शोधते आहे. कुणाकडे असेल आणि द्यायची असेल तर ओरखडे चालतील, आवरण फाटलेलं चालेल, मधल्या कागदावर कुणी पेनाने नाव लिहिलेलं असेल तरी चालेल. फक्त सुरुवातीचे काही सेकंद कोरे हवेत, बाई गायला लागायच्या आधीचे.